अप्पांचा खासगी लॅपटॉप

सिरसाळा,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय बिभीषण,
शरणार्थ.

मला लॅपटॉप घ्यायचा आहे. आता हसून घे. हसून झालं की पुढं वाच.

घरी सगळे हसून झालेत. संगमेश हसला, सूनबाई शिवांजली तोंडाला ओढणी लावून हसली, आणि आमची सौभाग्यवती शिवम्मा तर अशी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन तिनं विचारलं, "आन् ते घालायचं कुठं?" तिला वाटलं मी गरम कोट घेतोय.

दुकानात कॉम्प्युटर आहे, तुला माहीतच आहे. कापड फाडायचं काम अजून माझं, बिलाचं काम संगमेशचं. त्या कॉम्प्युटरजवळ जायची मला बंदी आहे. गेल्या दिवाळीत एकदाच बसलो होतो. सहाचं बटण एकदा दाबलं, ते दोनदा उमटलं आणि एका भल्या माणसाच्या नावावर सहासष्ट मीटर लट्ठा लागला. तो म्हणाला, "अप्पा, मला सदरा शिवायचाय, मांडव न्हाई."

पण मला हवाय तो दुकानासाठी नाही. फक्त माझ्या वापरासाठी. कसला वापर, ते विचारू नकोस. बासष्ट वर्षांच्या माणसाकडं घरच्यांनी हात लावू नये अशी एक तरी वस्तू असावी.

तू साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलास. माझ्या ओळखीत त्यातला जाणकार तूच. संगमेशला विचारलं तर तो व्याख्यान देतो, जावयाला विचारलं तर तो इंग्रजीत देतो. तेव्हा कोणता घेऊ, ते तू लिही.

फोन मात्र करू नकोस. फोनवर आपण 'जेवलास का' याच्या पुढं कधी गेलोच नाही. सातवीत तू आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलास आणि मी तुला शाळेचे धडे कारखान्याच्या पत्त्यावर पाठवायला लागलो, तेव्हापासून आपलं खरं बोलणं कागदावरच होत आलंय.

अक्षराबद्दल माफ कर. एस्टीत बसून लिहितोय. परळीचा रस्ता तू विसरला नसशील.

तुझा,
शिवशरण


जयसिंगपूर,
२० ऑगस्ट २०२४

प्रिय शिव्या,
रामराम.

हसलो. लई हसलो. मग वाटलं, बरोबर माणसाला विचारलंस. इथं आमच्या गल्लीत कुणाला लॅपटॉप घ्यायचा असला की मला विचारल्याबिगर घेत न्हाईत.

तर ऐक. लॅपटॉप जड घ्यायचा. हलका लॅपटॉप म्हंजी पावडर लावलेला नवरदेव, दिसाया गोरा आन् कामाला शून्य. आमच्या काट्यावरचा कॉम्प्युटर चौघांनी उचलून आणलता, अठरा हंगाम चालला. पडदा मोठा घे, सतरा इंच. बटणं अशी पाहिजेत की दाबली की खट्ट वाजलं पाहिजे, शेजाऱ्यालाबी कळलं पाहिजे की मानूस कामात हाय. रॅम सोळा घे. रॅम म्हंजी काय ते विचारू नको, समजावून सांगाया हा कागद पुरायचा न्हाई.

पण कावून पाहिजे बे तुला? शेअरबाजाराचा नाद लागला का? का आत्मचरित्र लिहितोस? लिहिणार असशील तर शाळेच्या सहलीत तू मला मधमाशांच्या तावडीत सोडून पळालतास, ते पहिल्या पानावर घे.

आन् अक्षराचं काय सांगतोस? ती एस्टी रस्त्यानं चाललती का ढेकळातनं? पाकिटावरचा पत्ता बघून आमच्या पोस्टमननं विचारलं, "काका, नातवाचं पत्र हाय का?" त्याला काय म्हाईत, याच अक्षरावर मी सातवी पास झालो. गुरुजींनी माझी वही वर्गात फिरवलती, आन् ती तुझी हाय हे आपण दोघांनी आजपातूर कुणाला सांगितलं न्हाई.

लॅपटॉप घेतला की कळव. पाठीमागचा नंबर लिहून पाठव, मी तपासून सांगतो.

तुझा,
बिभीषण


सिरसाळा,
३ सप्टेंबर २०२४

प्रिय बिभीषण,
शरणार्थ.

तुझा सल्ला घरी वाचून दाखवला. संगमेश म्हणाला, "अप्पा, काकांनी लॅपटॉप सांगितलाय का तिजोरी?" त्याचं म्हणणं, टॅबलेट घ्या. बटणंच नाहीत, नुसतं बोट लावलं की चालतो.

बोटाचं मला सांगू नकोस म्हटलं. बोटानं चालणाऱ्या फोननं माझी अब्रू कशी घालवली, ती ऐक. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात बातमी आली, आडत बाजारातले एक जुने व्यापारी वारले. मी जोडलेले हात पाठवायला गेलो. बोट जरा इकडंतिकडं झालं आणि अंगठा गेला. वर केलेला. तो काढायला गेलो तर लाल साडीतली नाचणारी बाई आली. तिला काढायला गेलो तर वारलेल्यांच्या मुलालाच व्हिडिओ कॉल लागला. तो बिचारा पाहुण्यारावळ्यांत बसलेला. त्याच्या फोनवर माझं तोंड, आणि मी म्हणतोय, "ही बाई कशी घालवायची?"

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. त्यानं काही विचारलं नाही. मोठ्या मनाचा मुलगा.

शेअरबाजार नाही. आत्मचरित्रही नाही. माझ्या आयुष्यात अंगावर काटा आणणारा एकच प्रसंग, एकोणनव्वद साली दुकानात शिरलेली म्हैस. तीही काही न घेता गेली. कशासाठी हवाय ते वेळ आली की सांगेन.

तू सांगितलेल्या सतरा इंचाचा फोटो शिवांजलीनं दाखवला. तो मांडीवर घेतला तर मी दिसणार नाही, असं शिवम्माचं मत पडलं. ती हल्ली सगळ्याचंच माप काढते. मला चहासुद्धा अर्धा कप देते. साखर वाढेल म्हणते.

पेनमधली शाई संपली म्हणून पेन्सिलीनं लिहितोय. चष्म्याचा नंबरही बदललाय, म्हणून अक्षर मोठं झालं आणि एका पानावर आठच ओळी बसल्या. कागद जास्त लागले, मजकूर तेवढाच आहे.

तुझा,
शिवशरण


जयसिंगपूर,
१७ सप्टेंबर २०२४

प्रिय शिवशरण,
रामराम.

आज शिव्या म्हणत न्हाई, कारण गोष्ट गमतीची न्हाई.

आपल्या गावचा म्हाळू ऊसतोडीच्या हंगामाचं बोलणं करायला इकडं आलता. माझ्याकडं जेवला. जेवताना बोलला, "बाजारच्या दिवशी सकाळी दहाला शिवशरणअप्पाला हॉटेलात बघितलं. कप तोंडापातूर गेलाच न्हाई, निम्मा चहा सदऱ्यावर. मी रामराम घातला तर त्यांनी हात खिशात घातला."

माझा घास हातातच राहिला. सकाळी दहाला हात हलतोय म्हंजी काय, ते मला कुणी सांगाया नको. सत्त्याण्णव साली माझा हलायचा. पावतीवर सही करता यायची न्हाई. तवा तू मला रोज एक कार्ड टाकलंस. दोन महिने. एकातबी उपदेश न्हाई. आज पाऊस झाला, आज एका बाईनं चाळीस लुगडी बघून रुमाल घेतला, एवढंच. कार्ड दुपारच्या टपालानं यायचं. ते वाचायचं असायचं म्हणून मी दुपारपातूर शुद्धीत राहाया लागलो. मग संध्याकाळपातूर. असं सुटलं माझं.

मला तुझ्यासारखं लिहिता येत न्हाई, म्हणून मी सरळ उपदेश करतो. सोड. या वयात कावून लागली तुला ही सवय? अरे, तुझ्या गळ्यात इष्टलिंग हाय. सकाळी ताक पी. संध्याकाळी दुकानातनं सरळ घरी जा, वाटेत कुणाशी बोलू नको. वहिनीला म्हाईत हाय का? लॅपटॉप कशाला ते तू सांगत न्हाईस, तवाच मला समजाया पाहिजे होतं. लॅपटॉपच्या पिशवीत बाटली बसते, आन् वरनं बघणाऱ्याला वाटतं मानूस शिकलेला हाय.

लॅपटॉपचं मागनं बघू. आधी हे.

तुझा,
बिभीषण


जयसिंगपूर,
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय शिव्या,

सव्वा महिना झाला. दिवाळी आली. दर दिवाळीला तुझं पत्र पाडव्याच्या आत असतं.

मी जास्त बोललो असेन. घरातलीबी तेच म्हणते. तिनं माझ्या पत्राची कच्ची प्रत वाचली आन् म्हणली, "ताकाचं तरी लिहायचं न्हाई." रागावला असशील तर चार शिव्या लिही, पण टाक काहीतरी. पोस्टमन मला बघून आता लांबनंच मान हलवतो.

बिभीषण


सिरसाळा,
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय बिभीषणकाका,
नमस्कार.

मी शिवांजली, शिवशरणअप्पांची सून. तुम्ही मला लग्नात पाहिलंय. हे पत्र मी आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या सांगण्यावरून लिहितेय. अप्पांना कळलं तर मी आईंचं नाव सांगणार आहे आणि आई माझं.

आधी महत्त्वाचं. अप्पा दारू पीत नाहीत. तुमचं पत्र आलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांनी आईंना ते वाचून दाखवलं. आई चिडल्या. "भावजींना म्हणावं, माझ्या घरात ताक रोजच असतंय," असं म्हणाल्या. त्यानंतर मात्र अप्पा पत्र मांडीवर घेऊन खूप वेळ गप्प बसले होते.

काका, त्यांचा उजवा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. आधी थोडा होता, या उन्हाळ्यापासून वाढला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांना दाखवलंय. ते म्हणाले, हा हाताचा कंप आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडा कमी होईल पण पूर्ण जाणार नाही. लिहिताना, कप धरताना जास्त होतो. तुम्हाला कुणी कळवायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. पहिलं पत्र एस्टीत लिहिलं नव्हतं. आपल्या ओसरीतच बसून लिहिलं होतं, तीन दिवस.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायचा त्यांनी फार प्रयत्न केला. फाडलेले कागद मी रोज उचलते. शेवटी मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही सांगा, मी लिहिते." त्यांनी सांगितलं, "प्रिय बिभीषण." मग म्हणाले, "सूनबाई, याच्या पुढचा शब्द तुला सांगता येण्यासारखा नाही."

फोनला बोलून मराठी लिहिता येतं, तेही मी शिकवलं. ते फोन घेऊन गच्चीवर गेले. पाच मिनिटांत खालून शेजारच्या भामाबाईंनी विचारलं, "अप्पा, कुणाला म्हणताय?" तेव्हापासून तेही बंद.

लॅपटॉप त्यासाठीच हवा असेल, असं मला वाटतं. त्यांनी तसं सांगितलेलं नाही. दिवाळीआधी आईंना घेऊन ते बीडला गेले होते, पण न घेताच आले. विचारलं तर दुकानातला माल चांगला नव्हता म्हणाले.

परवा पौर्णिमेला आम्ही सगळे कपिलधारला गेलो होतो. तीर्थ घेताना अप्पांनी उजवा हात डाव्या हातानं धरला, तरी ते सगळं सांडलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून. आईंनी बघितलं होतं. परतताना गाडीत त्या मला म्हणाल्या, "बिभीषणभावजींना लिही."

म्हणून लिहिलं. चुकलं असेल तर माफ करा.

आपली,
शिवांजली


जयसिंगपूर,
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय शिव्या,

कुठं डोकं आपटून घेऊ ते सांग. भिंत तू निवड.

सूनबाईनं कळवलं. तिला काही बोलू नको, आन् वहिनीलाबी न्हाई. तुझ्या घरात अक्कल कुणाकडं हाय ते मला समजलं. मी आपला म्हाळूच्या एका वाक्यावर तुला दारुडा करून मोकळा झालो. ज्या मानसानं चहाच्या पुढं काही घेतलं न्हाई, त्याला ताक पी म्हणून लिहिलं.

आता माझं ऐक. मला कॉम्प्युटर येत न्हाई.

वीस वर्षं त्याच्यासमोर बसलो हे खरं. पण बटणं काट्यावरची पोरगी, सुनिता, दाबायची. मी खिडकीतनं गाडीचा नंबर वरडायचो आन् पावतीवर शिक्का मारायचो. मला एकच बटण म्हाईत, उजवीकडचं मोठं. ती जेवायला गेली तरच दाबायचो. त्याचं नाव एन्टर हाय हे मला या आठवड्यात कळलं. रॅम काय असतो ते मला आजबी म्हाईत न्हाई. पेपरात जाहिरातीचा कागद आलता, त्यावर सोळा लिहिलं होतं, तुला सोळा सांगितलं. बत्तीस असतं तर बत्तीस सांगितलं असतं. आन् गल्लीत मला कुणी विचारत न्हाई. एकानं विचारलतं, तो आता माझ्याशी बोलत न्हाई.

सूनबाईचं पत्र आल्यावर मी सुनिताकडं गेलो. ती अजून कारखान्यात हाय. आधी तिला सांगितलं की मलाच घ्यायचाय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला खरं सांगावं लागलं. ती म्हणली, "काका, ज्याला घ्यायचाय त्यानं दुकानात आपली अडचण आधी सांगाया पाहिजे. हात हलणाऱ्यासाठी सोय आतच असते. बटण जरा वेळ दाबून धरलं तरच अक्षर उमटतं, आन् एकापाठोपाठ तेच बटण लागलं तर एकदाच धरतं. ती सुरू करून द्या म्हणावं. बोटानं चालणारा पडदा नको. आन् घ्यायच्या आधी तिथंच बसून आपलं नाव धा वेळा लिहून बघावं. महागाचा कोणता ते बघू नये, आपलं नाव कोणत्यात नीट येतं ते बघावं."

मी हे तिच्याकडनं कागदावर लिहून घेतलंय, माझ्या मनचं काही घातलेलं न्हाई.

शेवटी असं लिहिणार होतो की तुझं पत्र न्हाई आलं तरी मी समजून घेईन. पण ते खोटं हाय. मी समजून घेणार न्हाई. एकच ओळ लिही, उलटी लिही, कशानंबी लिही.

तुझा,
बिभीषण


सिरसाळा,
८ जानेवारी २०२५

प्रिय बिभ्या,

इथं सहा शब्द होते. पण या पत्राचा कागद ताराबाईच्या झेरॉक्सच्या दुकानात काढायचा आहे, म्हणून पुसून टाकले. तू ओळखशील.

हे मी माझ्या लॅपटॉपवर लिहिलंय. नऊ दिवस लागले. शाळेत निबंधाला चाळीस मिनिटं मिळायची आणि मी पुरवणी मागायचो, ते आठवून स्वतःला रोज चिडवतो.

आता दुकानाचं सांगतो. दिवाळीआधी शिवम्माला घेऊन बीडला गेलो. दुकानात दीपमाला नावाची बाई होती, संगमेशच्या वयाची. तिनं विचारलं, "काका, वापर काय?" मी ऐटीत म्हणालो, "पर्सनल." ती म्हणाली, "म्हणजे सिनेमे? फोटो? नातवंडांशी बोलायला?" मी प्रत्येकाला हो म्हणालो. तिनं वहीएवढा पातळ लॅपटॉप पुढं ठेवला. फिरवला की त्याची पाटी होते. मी दोन्ही हात पाठीमागं धरून त्याचं कौतुक करत राहिलो, मुलगी बघायला आल्यासारखा. "चालवून बघा ना," ती म्हणाली. नाव लिहायला गेलो. इंग्रजी एस उमटला. अकरा वेळा. पडद्यावर साप फुत्कारला.

मी म्हणालो, "हा खराब आहे."

तिनं दुसरा दिला. तोही खराब. तिसराही. चौथ्याला शिवम्मा म्हणाली, "चला आता." आणि मी दुकानातून हात हलवत परत आलो. दोन्ही अर्थांनी.

मग तुझं पत्र आलं. ते वाचून दोन आठवडे घालवले, आणि डिसेंबरात पुन्हा गेलो. एस्टीत सगळ्या वाटेनं एकच वाक्य घोकत होतो. पायरी चढलो आणि म्हणालो, "बाई, माझा हात हलतो. त्या दिवशी तुमचे चारही लॅपटॉप चांगले होते."

ती म्हणाली, "काका, मी चारही दुरुस्तीला पाठवले."

खरंच पाठवले होते. तिकडून 'दोष सापडला नाही' असं लिहून परत आले होते. शिवम्मा इतकी हसली की दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. मग दीपमालाही हसली. मग मीही. दोन वर्षांत त्या हातावर मी पहिल्यांदा घराबाहेर हसलो.

त्यानंतर ती दीड तास आमच्याबरोबर बसली. सुनितानं सांगितलेली सोय तिनं सुरू करून दिली. बटण क्षणभर दाबून धरलं तरच अक्षर येतं. हाताचा धक्का लागून बाण पळू नये म्हणून बोट फिरवायची पाटी बंद केली आणि वेगळा, वजनदार माउस लावून दिला. रोमन अक्षरं दाबली की मराठी शब्द येईल असंही करून दिलं. मग पातळ लॅपटॉपवर नाव लिहायला बसलो तर तो माझ्या हाताखाली टेबलावर पुढं पुढं सरकायला लागला. त्याच्या मागं मी, माझ्या मागं शिवम्मा. शेवटी कोपऱ्यातला एक जाड, जुन्या घडणीचा काढला. पडदा पंधरा इंची, बटणं खोलगट आणि एकमेकांपासून लांब. तो जागचा हलला नाही. तेव्हा जड घे म्हणालास ते बरोबर निघालं. हे मी छापून देतोय, कारण तुझ्या सल्ल्यातलं एवढं एकच बरोबर निघालंय.

नाव लिहिलं. सहा मिनिटं लागली. 'शिवशरण, सिरसाळा.' शिवम्मानं पिशवीतून चष्मा काढून वाचलं आणि म्हणाली, "ह्यात काय नवं? हे तर मला म्हाईत हाय." पण येताना एस्टीत लॅपटॉपची पिशवी तिनं कुणाला धरू दिली नाही. मलाही नाही.

आता तुझ्या दारूच्या पत्राचं. मी हसलो ते तुला कळलंय. गप्प का बसलो, ते कुणालाच सांगितलेलं नाही. सत्त्याण्णव साली रोज कार्ड टाकताना मला वाटायचं, हा वाचतो तरी का? तू एकालाही उत्तर दिलं नव्हतंस. ती कार्डं तू वाचलीस आणि त्यांच्यासाठी दुपारपर्यंत थांबलास, हे मला सत्तावीस वर्षांनी कळलं. तेही मला दारुडा ठरवणाऱ्या पत्रातून. मी रागावलो नव्हतो. उत्तर द्यायला हात नव्हता, एवढंच.

लॅपटॉप कशासाठी हवा होता, ते आता विचारू नकोस. तुझ्याच हातात आहे.

एक राहिलं. हे मला शिवांजलीला सांगून लिहवता आलं नसतं, आणि गच्चीवरून तर नाहीच. मला भीती वाटते, बिभ्या. डॉक्टर म्हणतात जिवाला काही नाही. पण संगमेशची लेक वर्षाची झाली, ती हात पसरून माझ्याकडं येते आणि मी मागं सरतो. पाठ दुखते म्हणतो. ती पडेल याची भीती वाटते. उद्या घास तोंडात घालायला दुसरं कुणी लागेल का, याची भीती वाटते. शिवम्माला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं मला फक्त अक्षर गेल्याचं वाईट वाटतंय.

वरच्या ओळींनाच तीन दिवस लागले. त्यात हाताचा दोष नाही.

प्रिंट निघेल तेव्हा ताराबाईला पाठमोरी उभी राहायला सांगणार आहे.

तुझा,
शिवशरण


जयसिंगपूर,
१६ जानेवारी २०२५

प्रिय शिव्या,

पत्र मिळालं. सहाच्या सहा शब्द ओळखले. चौथा मला लागू होत न्हाई, बाकीचे ठेवून घेतले.

पत्र घरात मोठ्यानं वाचाया लागलतो, मधीच थांबलो आन् पुढचं मनात वाचलं. घरातलीनं उठून माझी पिशवी काढली.

सत्तावीसला, सोमवारी, मिरजेला गाडी धरतो. मंगळवारी परळीला उतरून एस्टीनं येतो. घ्यायला येऊ नको. आठ दिवस राहीन. सुनेला सांग, जेवणाचं वेगळं काही करू नको.

नातीचं तुला सांगतो. उभ्यानं उचलू नको. खाली बस, भिंतीला टेक, मांडी घाल आन् तिला म्हणावं ये. लेकरू आपलं आपण मांडीत येतं. हात नुसते दोन बाजूला ठेवायचे, कुंपणासारखे. सत्त्याण्णव साली माझी थोरली दीड वर्षाची होती. तिची आई तिला माझ्याकडं द्यायला भ्यायची, आन् मीबी भ्यायचो. मी तसाच बसायचो. एकदाबी पडली न्हाई. हे मी आजपातूर कुणाला सांगितलं न्हाई, आता तुला सांगितलं.

मी आल्यावर तू बसशील, मी समोर थांबतो.

आन् वहिनीला सांग. त्या बाईनं तीर्थ सांडलेलं बघितलं आन् गाडीतच सुनेला मला लिहाया सांगितलं. तिला निम्मं कळलेलंच हाय. मी यायच्या आत जमलं तर सांग. न्हाई जमलं तर मंगळवारी जेवणं झाल्यावर सांगू. मी शेजारी बसतो, तू बोल.

तुझा,
बिभीषण